अक्कांचा पाटकरी

इंदापूरच्या आमच्या मशीनच्या खोलीत एका निळ्या केबलला पांढरी चिकटपट्टी लावलेली आहे. तिच्यावर फळ्यावर लिहिणाऱ्या बाईंच्या गोल अक्षरात मजकूर आहे : 'हिला हात लावू नये. परत यायची वाट हीच.' परवा नवीन कपाट बसवताना एका कामगाराने ती पट्टी खरवडायला नख लावलं, आणि मी असा काही ओरडलो की तो बिचारा शिडीवरून पडता पडता वाचला. नंतर मलाच लाज वाटली. पट्टी जुनी होती, कडेने काळी पडली होती, आणि ती लावणाऱ्या अक्का जाऊन दीड वर्ष झालं होतं. पण मला ती काढवत नाही.

अक्का म्हणजे सुलभा काळे. मूळच्या कळसच्या. बारामतीच्या एका तंत्रनिकेतनात वीसेक वर्षं संगणक शिकवून, मग 'पोरं आता ऐकत न्हायत, यंत्रं ऐकत्यात' असं म्हणून त्या आमच्या कंपनीत आल्या. कंपनी म्हणजे फार काही नाही. बारामतीत एका दवाखान्याच्या वर तीन खोल्या, आणि टॉवरवरून कळस, वरकुटे, कळंब अशा गावांना इंटरनेट पुरवायचं काम. मालक संग्रामदादा अक्कांपेक्षा पंधरा वर्षांनी लहान, त्यांचाच विद्यार्थी. त्यामुळे पगार कोण कोणाला देतं हे बाहेरच्या माणसाला ओळखू येत नसे.

मी पुण्याहून चार वर्षं नोकरी करून, थोडा नाकाने कांदे सोलतच तिथे लागलो. पहिल्याच दिवशी कळंबची लाईन बंद पडली. अक्कांनी विचारलं, "काय झालंय?"

मी रुबाबात म्हटलं, "केबल गेली असेल असं वाटतंय."

"वाटतंय?" त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "वाटायचं घरी. हितं बघायचं."

बघितलं तर केबल ठणठणीत होती. त्या हसल्या नाहीत, की 'बघ, सांगितलं होतं' असंही म्हणाल्या नाहीत. नेमकं काय झालंय यातच त्यांचा जीव अडकला होता. माझी फजिती त्यांच्या दृष्टीने फारशी रंजक नव्हती.

'बघू तरी' हे त्यांचं पालुपद. नवीन मशीन आलं की आधी त्याच्या अंगावर तळवा ठेवून बघत, किती तापतंय ते. खोलीत शिरताना चपला बाहेर काढत, आणि संग्रामदादालाही काढायला लावत. पर्समध्ये शेंगदाणे आणि गुळाचा खडा. आणि सगळ्यात विचित्र सवय म्हणजे, नेटवर्कमधून जाणारी पाकिटं त्या कागदावर छापून घेत. इंटरनेटवरची प्रत्येक गोष्ट लहान लहान पाकिटांतून जाते. व्हिडिओ असो, नाहीतर लग्नाच्या पत्रिकेचा फोटो. अक्का ती आकड्यांची भाषा कागदावर काढून, लाल पेन आणि पट्टी घेऊन, पेपर तपासल्यासारख्या ओळीओळीने वाचायच्या. पडद्यावर वाचता येत नाही का म्हटलं तर म्हणायच्या, "पडद्यावर डोळा पळतो. कागदावर बसतो."

त्यांचं खरं लेकरू म्हणजे 'पाटकरी'. कालव्याचं पाणी ज्याच्या त्याच्या पाळीने शेतात सोडणारा माणूस तो पाटकरी. अक्कांचे वडील जन्मभर तेच काम करत होते. वरच्याने दांडगाईने जास्त घेतलं की शेवटच्या शेताची पाळी कोरडी जाते, हे त्या घरात जेवताना ऐकत वाढल्या. आमच्याकडे आल्यावर तेच त्यांनी इंटरनेटचं केलं. कोणत्या घराला किती वेग, एकाने सिनेमे ओढले म्हणून दुसऱ्याचं अडू नये, हे वाटप करणारा प्रोग्राम त्यांनी स्वतः लिहिला. इंदापूरच्या खोलीतल्या एका मशीनवर तो चाले, आणि सगळ्या गावांचं येणंजाणं त्यातून होई. बाजारात असलं तयार मिळत असताना स्वतः का लिहिलंत, असं मी विचारलं. म्हणाल्या, "तयार घेतलं तर आत काय हाय ते कुठं कळतंय?"

आता आमच्या दोघांमधलं भांडण सांगायला हवं, आणि त्यासाठी मशीनच्या आतल्या घराची रचना. मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स होतं. त्याच्या पोटात जो मूळ भाग असतो, ज्याच्या हातात मशीनची सगळी सत्ता असते, त्याला कर्नल म्हणतात. बाकीचे प्रोग्राम बाहेरच्या अंगाला चालतात, त्या भागाला युजर-स्पेस. अक्का विद्यार्थ्यांना सांगत : कर्नल म्हणजे माजघर आणि युजर-स्पेस म्हणजे ओसरी. ओसरीवरच्या माणसाला काही हवं असलं तर माजघराच्या दारात उभं राहून मागायचं. आत शिरायचं नाही.

अक्कांचा पाटकरी माजघरात राहत होता. थेट कर्नलमध्ये जोडलेला. पाकीट दारात आलं की केबल ज्याला जोडतात ते नेटवर्क कार्ड कडी वाजवायचं, कर्नल उठायचा, पाटकरी पाकिटाकडे बघून त्याची पाळी ठरवायचा आणि पुढे धाडायचा.

मी नवा पंथ घेऊन आलो होतो. माझं म्हणणं, नेटवर्कचं काम ओसरीवर आणा. कार्ड कर्नलच्या ताब्यातून काढून सरळ आपल्या प्रोग्रामच्या हाती द्या. मध्ये कर्नल नकोच. वेग वाढतो.

"आणि कडी कोण ऐकणार?" अक्का विचारत.

"कडी वाजवायचीच नाही. प्रोग्राम डोळ्यांत तेल घालून दाराकडे बघत बसतो. पाकीट आलं की लगेच उचलतो."

"आणि आलंच न्हाय तर?"

"तरी बघत बसतो."

"म्हंजे रिकाम्या दाराकडं बघत एक गडी दिवसभर हितंच घाम गाळणार. सुहासराव, लाईटबिल तुमच्या घरी पाठवू का?"

मी 'सुहास'चा 'सुहासराव' झालो की समजावं, आपण जरा जास्त उडतोय. पण त्या भांडणात मला एक गोष्ट कायम खटकायची. 'कर्नलमधल्या प्रोग्रामात चूक झाली तर सगळं मशीन बसतं, ओसरीवर झाली तर तेवढा प्रोग्राम पडतो आणि परत उठवता येतो,' असं मी म्हटलं की अक्का विषय बदलत. एरवी कोणत्याही प्रश्नावर तुटून पडणारी बाई त्या एकाच प्रश्नाला म्हणायची, "माझ्या पाटकऱ्यात चूक असंल तर दाखव." आणि मला दाखवता येत नसे.

माझी चूक मात्र सगळ्यांनी बघितली. माझा ओसरीवरचा प्रोग्राम चाचणीसाठी इंदापूरच्या एका दुसऱ्या मशीनवर चढवला होता. मी बारामतीत बसून, उंटावरून शेळ्या हाकत, त्या मशीनला हुकूम सोडला : नेटवर्क कार्ड कर्नलकडून काढून माझ्या प्रोग्रामला दे. मशीनने आज्ञाधारकपणे दिलं. त्याला एकच कार्ड होतं, आणि त्याच कार्डातून मी त्याच्याशी बोलत होतो. ज्या फांदीवर बसलो होतो ती मीच तोडली. पडदा थिजला. 

अक्कांनी येऊन बघितलं, आणि त्यांचा चेहरा जत्रेला निघालेल्या मुलीसारखा फुलला. "कार्डच काढून दिलंस? चल, जाऊन बघू. मी हे नुसतं वाचलंय, झालेलं कधी बघितलं न्हाय."

पन्नासेक किलोमीटर त्या माझ्या मोटरसायकलच्या मागे बसून आल्या. वाटेत एकदाही रागावल्या नाहीत, उलट मागून प्रश्न : "तवा तुला काय वाटलं हुतं? उत्तर कुठनं येणार असं वाटलं हुतं?" मला खरंच आठवेना. खोली उघडली तर मशीन छान चालू होतं. पंखा फिरत होता, दिवे लुकलुकत होते, प्रोग्राम दाराकडे टक लावून बसला होता. फक्त आमच्याशी बोलायला त्याला दारच उरलं नव्हतं. अक्का पाच मिनिटं त्याच्यापुढे कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मग कीबोर्ड जोडून त्यांनी कार्ड परत घेतलं, पर्समधून चिकटपट्टी काढली, दुसरं एक कार्ड बसवून त्याच्या निळ्या केबलला ती चिठ्ठी लावली.

"ओसरीला काय द्यायचं ते दे," त्या म्हणाल्या, "पण एक तार माजघराकडं ठेवायची. माणसाला परत यायला वाट पायजे."

त्यानंतर काही महिन्यांनी खोलीतलं एक मशीन बंद पडायला लागलं. माझं नव्हे, अक्कांचं.

आठवड्यात एकदा, कधी दोनदा, दुपारी साडेचारच्या सुमाराला सगळी गावं एकदम अंधारात जायची. मशीन जागच्या जागी गोठायचं, मग स्वतःच बंद होऊन चालू व्हायचं. चार-पाच मिनिटांत सगळं ठीक. मागे काही नोंद नाही, कारण गोठलेलं मशीन लिहिणार काय? संग्रामदादाला गावागावांतून फोन. "तुमी लोकं झोपता का?" इथपासून सुरुवात.

संग्रामदादाचं म्हणणं, मशीन जुनं झालंय. माझं म्हणणं मनात होतं, तोंडावर नव्हतं. अक्का म्हणाल्या, "साडेचारलाच का? मशीनला घड्याळ कळतंय व्हय?"

त्यांनी एक दुसरा संगणक शेजारी लावून ठेवला, आत येणारं प्रत्येक पाकीट फक्त लिहून ठेवणारा. मशीन गोठलं की त्याआधीचं शेवटचं पान छापायचं. अशी चार पानं जमली. चारही दिवशी शेवटची पाकिटं वरकुट्याच्या टॉवरकडून आलेली. अक्का लाल पेन घेऊन बसल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला हाक मारली. आवाज इतका हळू की मला आधी वाटलं त्यांना बरं नाही.

पानावर एका आकड्याभोवती लाल गोल होता. शून्य.

पाकिटाच्या डोक्यावर काही बारीक सूचना असतात, आणि प्रत्येक सूचनेत तिची लांबी लिहिलेली असते. वाचणाऱ्याने ती लांबी बघायची आणि तेवढं पुढे सरकून पुढची सूचना वाचायची. अक्कांचा पाटकरी तेच करत होता. या पाकिटात लांबी लिहिली होती शून्य.

"शून्य पावलं पुढं सरक, मग वाच," अक्का म्हणाल्या. "सरकला शून्य. हाय तितंच. परत वाचलं. परत शून्य." त्यांनी पेन ठेवलं. "बिचारा एकाच जागी उभा राहून तेच वाचत बसला. आणि माजघरात उभा, त्यामुळं सगळं घर अडलं. हे मी लिहिलंय, सुहास. शून्य येईल असं मला वाटलंच न्हाय."

'वाटलंच न्हाय' हे शब्द त्यांच्या तोंडून ऐकून मला वाईट वाटलं. वाद जिंकल्याचा आनंद कुठेतरी व्हायला हवा होता, तो अजिबात झाला नाही.

दुरुस्ती एका ओळीची होती. शून्य दिसलं तर पाकीट टाकून दे. दहा मिनिटांत त्यांनी ती केली. पण हे पाकीट पाठवतंय कोण, हे बघितल्याशिवाय त्यांना चैन पडणं शक्य नव्हतं. आम्ही वरकुट्याला गेलो.

तिथे निवृत्तीआबांच्या ओसरीवर दूध संकलन केंद्र होतं. एक जुनं यंत्र दुधाचं वजन आणि फॅट मोजायचं आणि आकडे इंटरनेटवरून डेअरीला धाडायचं. आबा साडेचारला ते चालू करत. यंत्राची आतली बॅटरी मेलेली होती. ज्या दिवशी दुपारी लाईट जाई, त्या दिवशी ते सगळं विसरून उठायचं आणि पहिल्याच पाकिटात लांबीच्या जागी शून्य घालायचं. अक्कांनी यंत्राला सगळीकडून वळसा घातला, खाली वाकून त्याचं बूड बघितलं. "हाच का तो!" असं त्या इतक्या कौतुकाने म्हणाल्या की आबा यंत्र विकत घ्यायला माणसं आली असं समजून किंमत सांगायला लागले.

तेवढ्यात आतून आबांची नात चहा घेऊन आली. प्रणाली. बारामतीतून डिप्लोमा झालेली. आम्ही इंटरनेटवाले हे कळल्यावर तिने ट्रे जरा जोरातच ठेवला.

"मागच्या मंगळवारी साडेचारला माझी व्हिडिओवर मुलाखत होती," ती म्हणाली. "दुसऱ्याच प्रश्नाला गेलं तुमचं. परत आलं तवा त्यांनी पुढच्याला घेतलं होतं. पुन्हा वेळ द्या म्हणून चारदा मेल केला. न्हाय दिला."

आबा म्हणाले, "आता आमच्याच यंत्रानं घोळ केला म्हणता, तर कुणाला बोलायचं? आपलेच दात, आपलेच ओठ."

सुटायला एवढी सरळ वाट होती. मी तर मान डोलवायलाही लागलो होतो. अक्का म्हणाल्या, "न्हाय आबा. यंत्राची चूक न्हाय, माझी हाय. दारात शहाणा येईल तसा येडा बी येणार. येड्याला बघून घरानं उभ्या उभ्या बसकण मारली तर ते घर बांधणाऱ्याचं चुकलं. ते मी बांधलंय."

प्रणालीने कप त्यांच्याकडे सरकवला. मग म्हणाली, "सांगितलं ते बरं केलं. पण माझी नोकरी गेली ती गेलीच की."

"व्हय," अक्का म्हणाल्या. "गेली."

चहा तसाच राहिला. परतीच्या वाटेवर अक्कांनी एकही प्रश्न विचारला नाही.  बारामतीच्या अलीकडे त्यांनी माझ्या खांद्यावर टकटक केलं, गाडी बाजूला घ्यायला लावली, आणि रस्त्याच्या कडेला उभ्या राहून म्हणाल्या, "तुझी ती ओसरी किती दिवसांत तयार हुईल?"

"पण अक्का, चूक तर सापडली. दुरुस्त झाली."

"एक सापडली. अजून किती हायत ते मला म्हायती न्हाय. म्हायती असलेली चूक मी कुठं बी ठेवीन. म्हायती नसलेली माजघरात ठेवायची न्हाय."

तीन महिने आम्ही दोघांनी मिळून पाटकरी नव्याने लिहिला. वाटपाचे नियम त्यांचे, बांधणी माझी. पडला तर दोन सेकंदांत आपोआप उठेल अशी सोय त्यांनी हट्टाने करून घेतली. माझे कागद लाल करून टाकले. शेवटी जुना पाटकरी कर्नलमधून काढायचा दिवस आला तेव्हा संग्रामदादा म्हणाला, मी करतो. अक्का म्हणाल्या, "माझा हाय, मीच काढणार." एका ओळीचा हुकूम. तो दिल्यावर त्यांनी मशीनच्या अंगावर तळवा ठेवला. नवा प्रोग्राम डोळ्यांत तेल घालून बसला होता, त्यामुळे ते आधीपेक्षा जास्त तापलं होतं. "लाईटबिल वाढलं," एवढंच बोलल्या.

त्या मला शेवटच्या नीट दिसल्या त्या वरकुट्यातच. पुढे दोन महिन्यांत त्यांचं दुखणं निघालं आणि मग दवाखान्यातल्या त्यांच्याविषयी मला लिहायचं नाही.

प्रणालीला दुसऱ्या एका कंपनीची मुलाखत आली होती. वेळ पुन्हा दुपारचीच, सव्वाचारची. अक्कांना कुठून कळलं कोण जाणे, पण मी कामासाठी त्या बाजूला गेलो तर त्या आबांच्या ओसरीवर, दुधाच्या यंत्राशेजारी, मोबाईलच्या नेटवरून इंदापूरच्या मशीनला जोडलेला लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेल्या. समोर शेंगदाण्यांची पुडी. आबांनी यंत्राची वायरच काढून ठेवली होती आणि दूध घालायला आलेल्या बायांना ते 'हाताने मापून वहीत लिहितो' असं दटावून सांगत होते. "आज धोका नगं. पोरीचं हुंदे आधी."

आतल्या खोलीचं दार बंद. त्यातून प्रणालीचा आवाज येत होता, अर्धा मराठी, अर्धा इंग्रजी. अक्कांचे डोळे पडद्यावर. चार चाळीसला त्यांनी एकदम माझ्याकडे तळहात केला, हालू नको अशा अर्थाने. मी पडद्यावर बघितलं. नवा पाटकरी पडला होता.

आत प्रणालीचा आवाज थांबला. आबांच्या हातातलं माप तसंच राहिलं. एक. दोन. पडद्यावर ओळ आली, पाटकरी उठला. आणि आतून परत आवाज सुरू झाला, थोडा अडखळून, मग नीट.

अर्ध्या तासाने ती बाहेर आली. घामाघूम, पण हसत. अक्कांनी ती काही विचारायच्या आत सांगून टाकलं, "मधी दोन सेकंद थांबलं हुतं. माझंच पडलं हुतं."

"ते व्हय?" प्रणाली म्हणाली. "मला वाटलं सर विचार करतायत. म्हणून मी बी गप बसले. नंतर ते म्हणाले, तुम्ही बोलायच्या आधी थांबता, हे आवडलं आम्हाला."

आबा मोठ्याने हसले. नोकरी लागली की नाही ते पुढे आठ दिवसांनी कळायचं होतं. (लागली. ती आता पुण्यात असते आणि दिवाळीला संग्रामदादाला आमच्या इंटरनेटच्या तक्रारी सांगते.) बाया दूध घालून गेल्या. मी अक्कांना म्हटलं, चला, मी सोडतो कळसला, ऊन उतरलंय. त्यांनी वर बघितलंच नाही. पर्समधून लाल पेन काढलं होतं, छापायला कागद नव्हता म्हणून पडद्यावरचे आकडे त्या आबांच्या दुधाच्या वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घेत होत्या.

"तू हो पुढं," त्या म्हणाल्या. "यंत्राची तर वायर काढलेली हाय. मग आत्ता दारात आलतं कोण? बघू तरी."